आधी विचारा, मग लिहा



निबंध लिहायला बसलात की तुम्ही काय करता? बहुतेक जण काय करतात ते मला ठाऊक आहे, कारण शाळेत असताना मीही तेच करीत असे. पेनाचे टोक दातांत धरायचे, छताकडे पाहायचे, कुठे वाचलेले आणि कुठे ऐकलेले आठवायचे, आणि पान भरून टाकायचे. परीक्षेत हे चालून जाते. तो पेपर एकच माणूस वाचतो आणि वाचून तुम्हांला गुण देतो. पण आपले लिहिणे वाचून कोणी काही करणार असेल तर? कोणी त्यावरून मुलाला औषध पाजणार असेल, कोणी अर्ज भरणार असेल, तर? तेव्हा छताकडे पाहून भागत नाही. लिहिणाऱ्याला जागेवरून उठावे लागते आणि लोकांना विचारावे लागते.

ही गोष्ट मी शिक्षक झाल्यावर, माझ्याच वर्गात शिकलो. ती कशी, ते सांगतो.

आमची शाळा यंत्रमागांच्या वस्तीत आहे. गल्ल्या अरुंद, घराला घर लागलेले. पावसाळा सुरू झाला की नळाला कधी कधी गढूळ पाणी येते आणि घरोघरी जुलाब-उलट्यांचे रुग्ण दिसू लागतात. एका वर्षी नववीच्या मुलामुलींनी ठरवले की आपण वस्तीसाठी एक पत्रक काढू. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. शाळेभोवतीच्या २०० घरांत ते वाटायचे. मराठीचा मसुदा माझ्या तासाला तयार झाला. तो असा होता :

‘जुलाब झाल्यास घाबरू नये. औषधाच्या दुकानातून जलसंजीवनीची म्हणजे ओआरएसची पुडी आणावी. ती एक पेला पाण्यात विरघळवून रुग्णाला पाजावी. पुडी नसल्यास पाण्यात साखर व मीठ घालून द्यावे. परिसर स्वच्छ ठेवावा.’

अक्षर सुंदर होते. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. मी लाल शाईने ‘उत्तम’ असा शेरा दिला आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढायची होती.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, “सर, आमच्या घरी अम्मी पुडी पेल्यात घालत नाही. एक लिटरच्या बाटलीत घालते.”

मसुदा लिहिणारा मुलगा लगेच म्हणाला, “नाही सर, पेल्यातच. माझा लहान भाऊ आजारी होता तेव्हा मी स्वतः कालवून दिली आहे.”

वर्गात दोन पक्ष पडले. एक पेल्याचा, एक बाटलीचा. दोघांनीही आपल्या डोळ्यांनी पाहिलेले सांगितले होते. दोघेही खोटे बोलणारे नव्हते. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. खरे सांगतो, मलाही उत्तर माहीत नव्हते. ज्या वाक्याविषयी मला काहीच माहीत नव्हते, त्या वाक्याखाली माझी सही होती.

मी दोघांनाही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पाठवले. दहा मिनिटांत ती दोघे हसत परत आली. दुकानदाराने त्यांच्यासमोर दोन पुड्या ठेवल्या होत्या, एक मोठी आणि एक छोटी. मोठीवर लिहिले होते, एक लिटर पाण्यासाठी. छोटीवर लिहिले होते, २०० मिलिलिटर पाण्यासाठी. म्हणजे बाटलीवाली मुलगी खरी होती आणि पेल्यावाला मुलगाही खरा होता. चूक फक्त आमचे पत्रक होते.

ही चूक किती मोठी होती, ते तेव्हा आम्हांला कळले नव्हते. ते दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितले. मोठी पुडी एका पेल्यात कालवली तर ते पाणी पाचपट तीव्र होते. लहान बाळाच्या अंगात एवढे मीठ एकदम गेले तर त्याला झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकते. ज्या पत्रकाने मूल वाचवायचे, त्याच पत्रकाने ते धोक्यात आले असते. आणि त्यावर ‘उत्तम’ असा शेरा होता.

त्या दिवशी आम्ही झेरॉक्स थांबवली आणि विचारायला निघालो.

तुमच्यासाठी इथे एक गंमत सांगतो. लिहिणे आणि विचारणे यांसाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांतले कितीतरी तुम्हांला घरचेच वाटतील. कच्च्या लेखनाला मराठीत ‘मसुदा’ म्हणतात. उर्दूत तोच ‘मुसव्वदा’. लिहिलेल्या गोष्टीला ‘मजकूर’ म्हणतात. एखादी गोष्ट खरी आहे ना, याची खात्री करून घेणे म्हणजे ‘खातरजमा’ करणे. आणि ‘मुलाखत’? उर्दूत मुलाकात म्हणजे नुसती भेट. मराठीत मुलाखत म्हणजे प्रश्न विचारून माहिती घेण्यासाठी ठरवून घेतलेली भेट. या लेखात मी जे सांगणार आहे ते एवढेच आहे : मसुदा आणि मजकूर यांच्यामध्ये मुलाखत आणि खातरजमा असली पाहिजे.

विचारायला जायचे तर कोणाकडे? आम्हांला दोन दारे ठोठवावी लागली. पहिले दार जाणकाराचे. दुसरे दार वाचकाचे.

आधी जाणकाराचे दार पाहू. जाणकार म्हटले की आपल्यासमोर मोठी पदवी असलेला माणूस उभा राहतो. पण जाणकार अनेक प्रकारचे असतात. डॉक्टरांना रोग माहीत असतो. औषधाच्या दुकानदाराला पुडी माहीत असते, ती किती आकारांत येते आणि लोक ती कशी मागतात हेही त्याला माहीत असते. आशाताई घरोघरी जातात, त्यांना माहीत असते की दवाखान्यात सांगितलेले घरी कितपत पाळले जाते. चार मुले वाढवलेल्या बाईला बाळाला चमच्याने पाणी कसे पाजायचे ते माहीत असते. ‘सर्वांत मोठा कोण?’ असे विचारू नका. ‘या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या रोजच्या कामात आहे?’ असे विचारा.

मुलांना डॉक्टरांकडे जायची भीती वाटत होती. “आम्ही शाळेतली मुले, ते आमच्याशी कशाला बोलतील?” असे ती म्हणाली. तेव्हा मी त्यांना सलीम अलींची गोष्ट सांगितली. ती तुम्हीही ऐका.

१९०८ च्या सुमाराची गोष्ट. मुंबईत सलीम नावाचा एक शाळकरी मुलगा छऱ्यांच्या बंदुकीने चिमण्या मारीत असे. एकदा त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. अशी चिमणी त्याने पूर्वी कधी पाहिली नव्हती. त्याने ती मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना दाखवली. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड हे इंग्रज गृहस्थ होते. मुलगा घाबरत घाबरत त्यांच्यापुढे गेला. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. तोच मुलगा पुढे भारताचा थोर पक्षितज्ज्ञ झाला. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. १९८५ साली त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याच्या नावातही एक चिमणी होती.

या गोष्टीत लक्षात ठेवण्यासारखे काय आहे? सलीम रिकाम्या हाताने गेला नव्हता. त्याच्या हातात एक पक्षी होता आणि मनात एक नेमका प्रश्न होता : हा कोणता? जो मुलगा ‘मला पक्ष्यांविषयी सगळे सांगा’ असे म्हणत येतो, त्याला काय सांगावे हे मोठ्या माणसालाही सुचत नाही. जो नेमके विचारतो, त्याच्यासाठी कप्पे उघडतात.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आम्ही वर्गात एक तास फक्त प्रश्न तयार करण्यात घालवला. पहिल्या फेरीत फळ्यावर २३ प्रश्न आले. ‘जुलाब म्हणजे काय?’ असे जे प्रश्न शास्त्राच्या पुस्तकात पाहून सुटतात, ते पुसून टाकले. पुस्तकात मिळणारी गोष्ट विचारून जाणकाराचा वेळ घेऊ नये. ज्यांचे उत्तर नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल, ते बदलले. ‘साखर-मिठाचे पाणी चांगले असते का?’ याऐवजी ‘साखर-मिठाचे पाणी करताना लोक कोणत्या चुका करतात?’ असा प्रश्न लिहिला. शेवटी सात प्रश्न उरले.

दवाखान्यात सकाळी गर्दी असते. म्हणून आदल्या दिवशी एका मुलाने जाऊन वेळ विचारली. डॉक्टरांनी दुपारी दीड वाजता यायला सांगितले. तीन मुले गेली. एकाने विचारायचे, दोघांनी लिहायचे. दोघांनी का? कारण एकाचे कान चुकू शकतात. नंतर दोन वह्या शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा खरोखरच एका ठिकाणी फरक निघाला. एकाने ‘अर्धा चमचा मीठ’ लिहिले होते, दुसऱ्याने ‘दीड चमचा’. ‘अर्धा’ आणि ‘दीड’, एवढाच शब्दांचा फेर. पण मीठ तिप्पट! मुले पुन्हा दवाखान्यात गेली आणि आकडा विचारून आली. तेव्हापासून आमच्या वर्गाचा नियम आहे : आकडा ऐकला की तो लगेच मोठ्याने परत म्हणून दाखवायचा.

खरे प्रमाण हे आहे : पिण्याचे स्वच्छ पाणी एक लिटर, साखर सहा चहाचे चमचे, मीठ अर्धा चहाचा चमचा. चमचे सपाट, शीग न लावता.

आमच्याकडे एक पुस्तकही होते. शाळेच्या ग्रंथालयातले आरोग्यावरचे जुने, जाड पुस्तक. त्यात पुडीतल्या द्रव्यांची वजने दिली होती : एका लिटरला मीठ साडेतीन ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम. दुकानातल्या पुडीवर मात्र मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असे छापले होते. मुले गोंधळली. पुस्तक खरे की पुडी? हा त्यांचा सहावा प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, “पुस्तक छापले तेव्हा ते बरोबर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली नवे प्रमाण सांगितले. पुडी बदलली, पुस्तक कपाटातच राहिले.” पुस्तकाला प्रश्न विचारला तर ते कालचे उत्तर देते. म्हणून पुस्तक वाचाच, पण वाचून झाल्यावर आज ते काम करणाऱ्या माणसालाही विचारा.

उठताना मुलांनी दोन प्रश्न विचारले. ते मी त्यांना मुद्दाम शिकवले होते. तुम्हीही ते पाठ करून ठेवा. पहिला : ‘आम्ही काय विचारायला विसरलो?’ दुसरा : ‘याविषयी आणखी कोणाला विचारावे?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना डॉक्टरांनी धोक्याच्या खुणा सांगितल्या. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर घरी थांबू नये, तडक दवाखान्यात आणावे. आमच्या मसुद्यात यातले एक अक्षरही नव्हते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना ते म्हणाले, “आता ज्यांच्यासाठी लिहिता आहात, त्यांना विचारा.”

हे झाले पहिले दार. आता दुसरे.

वाचकालाही विचारायचे असते, हे कोणाच्या मनातच येत नाही. आपल्याला वाटते, वाचकाला काय विचारायचे? आपण सांगणार, तो ऐकणार. पण वाचकाच्या घरात काय आहे, त्याला काय आधीच माहीत आहे, त्याला कशाची शंका येते, हे कळल्याशिवाय आपले बरोबर वाक्यही त्याच्या उपयोगी पडत नाही.

आमचा दुसरा मसुदा तयार झाला. त्यात लिहिले होते : ‘एक लिटर म्हणजे चार पेले पाणी घ्यावे.’ हे वाक्य घेऊन मुले आपापल्या गल्लीत गेली आणि प्रत्येकाने एका घरातून पाण्याचा पेला मागून आणला. वर्गात ११ पेले जमले. स्टीलचे, काचेचे, प्लॅस्टिकचे, उंच, बुटके. एक लिटरची भरलेली बाटली घेऊन आम्ही ते एकेक करून भरून पाहिले. एक पेला असा होता की तीन वेळा भरल्यावर बाटलीत थोडेसेच पाणी उरले. दुसऱ्या पेल्याने ती बाटली सहा वेळा पुरली. आणि आम्ही सगळ्यांना ‘चार पेले’ सांगणार होतो! ते वाक्य आम्ही खोडले. त्याजागी ‘पाण्याची एक लिटरची बाटली भरून’ असे लिहिले. तशी बाटली जवळजवळ प्रत्येक घरात होती. हेही विचारूनच कळले.

चमच्याचेही तसेच. ‘चमचा’ म्हटल्यावर एका बाईंनी भाजी वाढायचा मोठा चमचा पुढे केला. मग आम्ही ‘चहात साखर ढवळायचा लहान चमचा’ असे लिहिले. एका मुलीने सुचवले की औषधाच्या बाटलीच्या टोपणावर पाच मिलीची खूण असते, तीही वापरता येते. डॉक्टरांना विचारले. ते हो म्हणाले.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हांला एका म्हाताऱ्या आजीने शिकवली. आमच्या वर्गातल्या एका मुलाची ती दादी. तिला वाचता येत नाही. नातवाने तिला पत्रक वाचून दाखवले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बेटा, पोट आधीच पाण्यासारखे वाहते आहे. वरून आणखी पाणी पाजले तर जास्तच वाहणार नाही का?”

मुलगा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितल्यावर काही मुले हसली. मी त्यांना थांबवले. कारण त्या एका प्रश्नाने आमचे पत्रक कुठे अडणार हे दाखवून दिले होते. दादीच्या मनात ही शंका असेल तर आम्ही साखर कितीही नीट मोजली तरी ती नातवंडाला पाणी देणारच नाही. आणि वस्तीतल्या बऱ्याच घरांत बाळाला काय द्यायचे ते दादी-नानीच ठरवतात.

मुले पुन्हा डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सांगितले, “पाण्याने जुलाब वाढत नाहीत. मुलाला मारतो तो जुलाब नव्हे. अंगातले पाणी आणि मीठ निघून जाते, त्याने मूल मरते. नुसते पाणी आतड्यात नीट शोषले जात नाही. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात बरोबर असली की आतडे ती दोन्ही आत घेते आणि त्यांच्यामागून पाणीही आत जाते. जुलाब थांबायला एकदोन दिवस लागतील. पण तोपर्यंत मूल टिकून राहील.”

मित्रांनो, इथे एक बारीक गोष्ट समजून घ्या. दादीचे म्हणणे रोगाविषयी चुकीचे होते. म्हणून ते पत्रकात ‘माहिती’ म्हणून देता येत नव्हते. पण वाचकाच्या मनात काय आहे, याविषयी ती आमची सर्वांत मोठी जाणकार होती. लोकांचे बोलणे ऐकताना हा फरक ठेवावा. ‘हे खरे आहे का?’ हा एक प्रश्न. ‘लोकांना असे वाटते का?’ हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर डॉक्टरांकडून घ्यावे आणि दुसऱ्याचे दादीकडून. दोघांची अदलाबदल करू नये.

हे अनुभव फक्त शाळेतल्या मुलांनाच येतात असे नाही. मोठमोठ्या कामांतही असेच घडले आहे. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सरहद्दीजवळच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली आणि ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकडूनच पाजायला लावले. आधी शंभरातले सुमारे ३० रुग्ण दगावत होते; हे पाणी ज्यांना मिळाले त्यांच्यात ते प्रमाण शेकडा ४ च्या खाली आले. पुढे २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

औषध तर सापडले. पण ते घरोघरी कसे पोचवायचे? बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत हे काम केले. संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्या खेड्यापाड्यांतून पायी हिंडल्या. एका घरात बसायचे, आईला समोर पाणी, मीठ आणि गूळ घेऊन शिकवायचे, आणि मग तिच्याकडूनच करवून घ्यायचे. प्रमाण घरातल्या भाषेत सांगितले जाई : तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. अशा रीतीने सुमारे एक कोटी २० लाख घरांपर्यंत ते पोचले. महिन्याभराने दुसरे कार्यकर्ते काही घरांत जाऊन पाहत, की त्या आईला किती आठवते आहे. शिकवणाऱ्या बाईला पगार मिळे तो त्यावरून! म्हणजे ‘मी किती सांगितले’ याला मोल नव्हते, ‘तिला किती कळले’ याला होते.

तरीही सुरुवातीला फार थोड्या आया हे पाणी मुलांना देत होत्या. का? कार्यकर्त्यांनी दोष आयांना दिला नाही. त्यांनी विचारले, ऐकून घेतले. तेव्हा कळले की खेड्यातले लोक पोट बिघडण्याचे चार प्रकार मानतात आणि प्रत्येकाला वेगळे नाव आहे. कार्यकर्त्या जो ‘डायरिया’ शब्द वापरीत, त्याचा अर्थ लोकांच्या मनात फक्त पटकीसारखा भयंकर आजार असा होता. म्हणून साध्या जुलाबात कोणी ते पाणी देतच नव्हते. शब्द एकच, पण सांगणारीच्या मनात एक अर्थ आणि ऐकणारीच्या मनात दुसरा. हेही कळले की घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेलेच नाही. मग पुरुषांशी बाजारात, मशिदीत आणि शाळेत जाऊन बोलणे सुरू झाले. औषध तेच राहिले, सांगण्याची रीत बदलली. आणि ती बदलली विचारल्यामुळे.

आता, विचारून जमवलेल्या माहितीचे करायचे काय? आमच्या वह्यांत आठ पाने भरली होती. पत्रक एका पानाचे. आम्ही प्रत्येक वाक्यापुढे लिहिले, हे कोणी सांगितले. ज्या वाक्यापुढे कोणाचेच नाव येईना, ते ‘असे म्हणतात’ या जातीचे वाक्य समजून काढून टाकले. कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर असते. फारसीतली म्हण तुम्हांला माहीत असेल, ‘शुनीदा कै बुवद मानिंदे दीदा’, म्हणजे ऐकलेले पाहिलेल्यासारखे कसे असेल? पण आमच्या वर्गाने एक पाऊल पुढचेही शिकून घेतले. पेल्यावाल्या मुलाने आणि बाटलीवाल्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनीच पाहिले होते. तरी प्रत्येकाला अर्धेच दिसले होते. म्हणून पाहिलेलेही दुसऱ्याला विचारून घ्यावे.

दोन गोष्टी सभ्यतेच्या. कोणाचे बोलणे छापायचे असेल तर त्याची परवानगी घ्या. कोणाच्या घरातल्या आजाराची गोष्ट नाव घालून लिहू नका. तो माणूस आपल्यावर विश्वास ठेवून बोललेला असतो. आणि ज्याने वेळ दिला त्याला लिहून झाल्यावर एक प्रत नेऊन द्या. आमच्या मुलांनी शेवटचा मसुदा छापण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी एकच ओळ वाढवली. मग पत्रक छापले. ते असे होते :

‘मुलाला जुलाब झाले तर पाणी थांबवू नका. पाण्याने जुलाब वाढत नाहीत. अंगातले पाणी आटले तर मुलाच्या जिवाला धोका असतो. ओआरएसची पुडी आणा. पुडी लहान की मोठी ते पाहा. मोठी पुडी पूर्ण एक लिटरच्या बाटलीत विरघळवा. लहान पुडी २०० मिलि पाण्यात विरघळवा. म्हणजे एक लिटरच्या बाटलीचा पाचवा भाग. वाचता येत नसेल तर दुकानदाराला विचारा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ जास्त घालू नका. चमच्या-चमच्याने पाजत राहा. आईचे दूध आणि जेवण चालू ठेवा. उरलेले पाणी २४ तासांनी फेकून द्या. जस्ताच्या गोळ्यांविषयी आशाताईंना विचारा. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले तर लगेच दवाखान्यात न्या.’

पहिला मसुदा आणि हा मजकूर शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात ‘घाबरू नये’, ‘स्वच्छ ठेवावा’ असे चांगले शब्द होते. पण ते वाचून कोणाला काहीच नीट करता आले नसते. दुसऱ्यात एकही भारी शब्द नाही. जस्ताच्या गोळ्यांची ओळ डॉक्टरांची, दुकानदाराची ओळ दुकानदाराची, आणि पहिलीच ओळ दादीच्या प्रश्नाची. लिहिणारी मुले पाच होती, पण पत्रक निम्म्या वस्तीने लिहिले होते.

माझ्या टेबलाच्या खणात तो पहिला मसुदा अजून आहे. त्यावर लाल शाईतला ‘उत्तम’ तसाच आहे. तो मी खोडलेला नाही. नवा वर्ग आला की मी तो फळ्यावर लावतो आणि मुलांना विचारतो, “यात चूक काय?” मुले वेलांट्या शोधू लागतात.

आता तुमची पाळी. तुमच्या वस्तीत लोकांना रोज अडणारी एक गोष्ट निवडा. यंत्रमागाच्या कारखान्यात कान कसे जपावे, दाखल्याच्या अर्जाला कोणते कागद लागतात, गॅसची नळी कधी बदलावी, काहीही. त्यावर दहा ओळींचा मसुदा लिहा. मग ज्याच्या रोजच्या कामात ती गोष्ट आहे अशा एका माणसाला पाच प्रश्न विचारा. त्यानंतर ज्यांच्यासाठी लिहिले आहे, त्यांतल्या दोघांना ते वाचून दाखवा आणि त्यांच्या शंका लिहून घ्या. मग मसुदा पुन्हा लिहा. पहिला कागद फेकू नका. दोन्ही कागद वर्गात आणा. तुमच्या शिक्षकांनी पहिल्यावर ‘उत्तम’ असा शेरा दिला असेल, तर त्यांनाही दुसरा अवश्य दाखवा.